एका टोमॅटोचे तीस हितचिंतक

एका जंगलात, बालमित्रांनो, अन्नापेक्षा सल्ल्याला अधिक मान होता. पाऊस तेथे बेताचा पडे. सभा मात्र वेळच्या वेळी भरत.

त्या जंगलात एक रीत होती. तिचे नाव शब्ददक्षिणा. कोणी तुम्हांला सल्ला दिला, की ज्या वस्तूविषयी तो सल्ला असेल, तीच वस्तू त्याच्या हाती ठेवायची. मधाविषयी सल्ला दिला तर मध. कंदाविषयी दिला तर कंद. सल्ला उपयोगी पडला पाहिजे, अशी अट नव्हती. तशी अट असती, तर रीत एका पिढीतच बंद पडली असती.

रीत पडली ती अशी. फार पूर्वी एका कासवाने एका अस्वलाला सांगितले होते, "त्या पोळ्यात हात घालू नकोस." अस्वलाने घातला. त्याचे नाक सुजले, पण मध मिळाला. अस्वल भले होते. त्याने सुजलेल्या नाकाने कासवाला एक द्रोण मध नेऊन दिला. पुढच्या पिढ्यांनी नाक विसरून द्रोण तेवढा लक्षात ठेवला.

शब्ददक्षिणा न देणाऱ्याला कोणी शिक्षा करीत नसे. फक्त त्याच्या घरी बारशाला कोणी जात नसे. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण बारशाला पाहुणे आले नाहीत, तर पिल्लाला नाव मिळत नाही, आणि बिननावाचे पिल्लू हाकेला ओ देत नाही, असे त्या जंगलात सर्वांना ठाऊक होते. ते कोणी पडताळून पाहिले नव्हते. ठाऊक असलेली गोष्ट कोण पडताळून पाहतो?

अशा त्या जंगलात ओढ्याच्या काठी शलाकाधर नावाचा एक साळिंदर राहत असे. त्याच्या अंगावर दोन हजार काटे होते आणि मनात एकही नव्हता. त्याच्या पत्नीचे नाव मृदुला. काटे तिलाही होतेच. नाव आईवडिलांनी ठेवले होते, तिला पाहण्यापूर्वी.

मृदुलेला दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात एक कावळा माणसांच्या गावाकडून उडत आला. त्याच्या चोचीत अर्धा टोमॅटो होता. कावळ्याला कोणाशी तरी झालेले भांडण आठवले, त्याने तोंड उघडले, आणि टोमॅटो खाली पडून मृदुलेच्या पाठीवरच्या काट्यांत अलगद रुतला.

शलाकाधराने तो काढून तिला दिला. तिने तो खाल्ला. मग तिने मिशा दोनदा चाटल्या.

"अहो," शेवटी ती म्हणाली, "हे काय होते?"

"टोमॅटो. माणसे खातात."

"मला आणखी हवा."

"आणखी नाही. कावळा गेला."

"मग लावा."

"मृदुले, लावल्यावर यायला महिने लागतात."

"मलाही महिने लागणारच आहेत. दोघे बरोबर येऊ द्या."

तिचे डोहाळे साधे होते, पण नेमके होते. तिला चिंच नको होती, बोरे नको होती, आवळा तर समोरही नको होता. तिला टोमॅटो हवा होता. देठापर्यंत लाल झालेला. झाडावरच पिकलेला. उन्हाने कोमट असताना खायचा. एकच. पण अख्खा. कावळ्याचा उष्टा अर्धा नको.

डोहाळे अपुरे राहिले की पिल्लाचे कान फुटतात, असे जंगलातल्या जाणत्या सांगत. शलाकाधराने त्या दिवशी आपल्या न जन्मलेल्या पिल्लाच्या कानांचा विचार केला आणि तो कामाला लागला.

मृदुलेच्या काट्यांना चिकटलेल्या बिया त्याने एकेक करून सोडवल्या. बिळापासून पन्नास पावलांवर जमीन भुसभुशीत केली. रोपे अकरा आली. त्यांना आधार म्हणून त्याने स्वतःचे गळलेले काटे रोवले आणि गवताच्या दोरीने खोडे सैल बांधली. फांदी आणि खोड यांच्या बेचक्यातून निघणारी बगलफूट तो रोज सकाळी खुडत असे. ओढ्याचे पाणी तोंडात धरून आणत असे. वाटेत कोणी नमस्कार केला तर उत्तर देता येत नसे, म्हणून नुसती मान हलवीत असे. गर्विष्ठ झाला, असे लोक म्हणू लागले.

झाडांना पिवळी फुले आली. मग हिरवे मणी आले. मणी वाढून चाळीसच्या घरात टोमॅटो लटकू लागले, आणि त्यांतले काही लाल होऊ लागले.

एका सकाळी शलाकाधराला दोन टोमॅटोंवर चोचीची खूण दिसली. तिसऱ्याला एक नेटके भोक होते. चौथ्याचा देठच शिल्लक होता.

तो ओढ्यावर गेला आणि सर्वांच्या देखत म्हणाला, "काय करावे काही कळत नाही."

बालमित्रांनो, हे वाक्य चारचौघांत कधीही उच्चारू नये.

पहिला आला तो कलकंठ नावाचा बुलबुल. त्याची शेंडी उभी होती आणि चोच किंचित तांबूस होती.

"शलाकाधरराव," तो म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, पण दोष तुमच्या टोमॅटोंचा आहे."

"त्यांनी काय केले?"

"ते लाल होतात. लाल रंग आम्हांला, म्हणजे एकूण पक्ष्यांना, फार लांबून दिसतो. त्यांना हिरवे ठेवा."

"पिकल्यावर?"

"पिकल्यावरच. कच्चे असतात ते हिरवेच असतात, त्यांना हिरवे कशाला ठेवायचे? थोडा विचार करा, शलाकाधरराव."

शलाकाधराने थोडा विचार केला. मग पाला चेचून त्याचा रस काढला आणि प्रत्येक पिकलेल्या टोमॅटोला लावला. शब्ददक्षिणा म्हणून एक टोमॅटो त्याने कलकंठापुढे ठेवला.

"हा रंगवलेला आहे," कलकंठ म्हणाला. "बिनरंगवलेला नाही का? मला हिरवे पचत नाही."

रंगवलेले टोमॅटो खरोखरच लांबून ओळखू येईनात. जवळूनही येईनात. कोणता पिकला आणि कोणता कच्चा, हे आता शलाकाधरालाही सांगता येत नव्हते. कलकंठाला मात्र सांगता येत होते, कारण रंगवण्यापूर्वी त्याने सगळे नीट पाहून ठेवले होते. दर तिसऱ्या दिवशी तो येई, मान तिरकी करून म्हणे, "रंग उतरला आहे हो," आणि नव्या सल्ल्याची नवी दक्षिणा घेऊन जाई.

दुसरा आला तो विटप नावाचा वानर. तो मोकळ्या स्वभावाचा होता.

"हे पहा भाऊ," तो म्हणाला, "मी आजवर चोरी करीत आलो. तो चौथा टोमॅटो मीच नेला. पण आता वय झाले. चोरी करायची म्हणजे पळावे लागते. सल्ला बसून देता येतो."

"द्या," शलाकाधर म्हणाला, आणि त्याने विटपाला बसायला पान दिले.

"बुजगावणे उभे करा."

शलाकाधराने एक टोमॅटो दिला.

"त्याला डोक्याच्या जागी मडके लावा."

दुसरा दिला.

"हात काठीचे करा. कोट मी आणला आहे, तो घाला."

"हे दोन सल्ले झाले का?"

"तुम्हीच ठरवा. मला मोजायला आवडत नाही."

शलाकाधराने दोन दिले.

"कोटाची बटणे लावा," विटप म्हणाला. "आणि वरचे एक उघडे ठेवा. रुबाबदार दिसते."

बुजगावणे उभे राहिले. ते इतके रुबाबदार दिसू लागले, की येणारेजाणारे त्याला नमस्कार करू लागले. एक ससा आपल्या भावाशी भांडून आला होता. तो बुजगावण्यापुढे बसला आणि त्याने सगळी हकीकत सांगितली. बुजगावणे काही बोलले नाही. सशाला आपलेच म्हणणे ऐकू आले, ते त्याला पटले नाही, आणि तो घरी जाऊन भावाच्या गळ्यात पडला.

ही वार्ता जंगलभर झाली. इतका संयमी सल्लागार आजवर झाला नाही, असे सर्वांचे मत पडले. लोक लांबून येऊ लागले. बुजगावण्याकडे येणारा टोमॅटोच्या बागेत येतो, बागेत उभा राहून सल्ला घेतो, म्हणजे तो सल्ला एका अर्थी टोमॅटोविषयीच आहे, असा अर्थ लावण्यात आला. म्हणून बुजगावण्यालाही दक्षिणा सुरू झाली.

"त्याला हात आहेत, पण बोटे नाहीत," विटप म्हणाला. "त्याच्या वतीने मी घेत जाईन. मला त्रास होईल, पण घेत जाईन."

तिसरी आली ती एक अळी. ती पानाच्या कडेवरून हळूहळू पुढे आली आणि तिने शरीराचा पुढचा अर्धा भाग आदराने उचलला.

"बाहेरून सगळेच पाहतात," ती म्हणाली. "आत कोणी पाहते का?"

"नाही बुवा," शलाकाधर म्हणाला. "आत कसे पाहणार?"

"तेच म्हणते मी. सोय असेल त्यानेच पाहिले पाहिजे."

ती एका टोमॅटोत शिरली. दोन दिवस तिचा पत्ता नव्हता. तिसऱ्या दिवशी ती दुसऱ्या बाजूने बाहेर आली. ती पूर्वीपेक्षा जाड झाली होती आणि फार गंभीर दिसत होती.

"या फळात कीड होती," तिने सांगितले.

"अरेरे! कोणती?"

"मी. आता नाही. फळ निर्धोक आहे, फक्त रिकामे आहे. तपासलेले फळ दक्षिणेत धरायचे नसते, ते कामात गेले. दक्षिणेचे कोणते म्हणालात?"

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. चोरी हा शब्द जपून वापरला पाहिजे. मालकाला न कळत, त्याच्या इच्छेविरुद्ध त्याची वस्तू नेणे म्हणजे चोरी. शलाकाधराच्या बागेत आता सर्व काही त्याला कळवून, त्याच्या हातून आणि नमस्कारासह होत होते. चोचीची खूण पुन्हा कोठे दिसली नाही. देठ कोणी तोडून टाकले नाहीत. बाग इतकी सुरक्षित पूर्वी कधीच नव्हती.

एके दिवशी दुपारी तो बिळात आला तो आनंदातच.

"मृदुले, आजही एकही टोमॅटो चोरीला गेला नाही!"

मृदुला आता जड झाली होती. ती भिंतीला टेकून बसली होती. "उरले किती?" तिने विचारले.

"चार."

"चाळीस होते."

"होते. पण मृदुले, ते सगळे रीतीने गेले."

मृदुलेने डोळे मिटले. "अहो, मी एकच मागितला होता."

"त्याच्यासाठीच तर हे सगळे चालले आहे!"

"मग तो एक आत्ता काढून आणा."

"हिरवा आहे."

"रंगवलेला हिरवा, की खरा हिरवा?"

शलाकाधराने आपल्या पायांकडे पाहिले.

"ऐका," मृदुला म्हणाली. "माझे दिवस भरत आले. मला बाग नको, बुजगावणे नको, तो कोट तर मुळीच नको. त्या बुलबुलाला उद्या सांगा की नाही म्हणून."

"आणि बारशाला कोणी आले नाही तर? पिल्लाला नाव कोण देणार?"

"आणि कान फुटले तर नाव ऐकणार कोण?"

शलाकाधर बागेत परत गेला. तेथे एक रानडुक्कर त्याची वाट पाहत उभे होते. त्याने कोठलीही प्रस्तावना न करता सांगितले, "कुंपण घाला, नाहीतर मी येईन," आणि सल्ल्याचे दोन टोमॅटो मागितले. एक कुंपणाचा, एक न येण्याचा. तिसरा अळीने तपासायला घेतला.

उरला एक.

त्या दिवशी अवेळी एक सर आली आणि पाल्याचा रस धुऊन गेली. शेवटचा टोमॅटो उघडा पडला. तो देठापर्यंत लाल होता. असे लाल त्या जंगलात पळसाखेरीज काही नव्हते, आणि पळस खाता येत नाही.

जंगलाचा राजा एक गवा होता. तो आकाराने मोठा आणि निर्णयाने संथ असल्यामुळे राजा झाला होता. शेवटच्या टोमॅटोची बातमी कळताच त्याने दुसऱ्या दिवशी भर दुपारी बागेतच परिषद बोलावली. तीस प्राणी आले. बुजगावणे आधीपासूनच तेथे होते, म्हणून अध्यक्षस्थान त्याला देण्यात आले. एक गोगलगाय आठ दिवसांपूर्वीच निघाली होती. तिचा सल्ला वाटेत असल्याचे सांगण्यात आले.

"प्रश्न एवढाच," गवा रवंथ थांबवून म्हणाला, "की हा टोमॅटो कसा वाचवायचा."

"पुरून टाका," ससा म्हणाला. "पुरलेले कोणी खात नाही. मी सोडून."

"त्याला टोमॅटो म्हणूच नका," कलकंठ म्हणाला. "पाटी लावा, हे वांगे आहे. वांग्याकडे मी वळूनही पाहत नाही."

"पाटी वाचायला येणार कोणाला?" रानडुकराने विचारले.

"न वाचता आले तर अधिकच चांगले. अक्षर दिसले की प्राणी दबकतो."

"सूर्य झाका," घुबड झोपेत म्हणाले. "सगळी भानगड त्याच्यामुळे होते."

"मी आत जाऊन बसते," अळी म्हणाली. "आत कोणी असेल तर दुसरे कोणी येत नाही. मी अनुभवाने सांगते."

"आणि कोण आत गेले, यावर लक्ष ठेवायला मला वर बसवा," विटप म्हणाला. "अगदी वर. देठापाशी."

असे तीस सल्ले झाले. गव्याने एकेक ऐकला, एकेक चघळला. मग अडचण उभी राहिली. सल्ले तीस होते आणि टोमॅटो एक.

"वाटणी करावी," गवा म्हणाला. "तीस भाग. नाही, एकतीस. मृदुलावहिनींना विसरून चालणार नाही. डोहाळे त्यांचे आहेत."

"वा!" सभा म्हणाली. "काय न्याय आहे!"

"एकतीस तुकडे करणार कशाने?" सशाने विचारले.

सर्वांनी शलाकाधराच्या पाठीकडे पाहिले.

"भाऊ," विटप लाघवाने म्हणाला, "एक काटा द्याल का? धारदार बघून द्या. वाटणीत खाडाखोड नको."

शलाकाधराला अख्खा हा शब्द आठवला. बारशाचा रिकामा दिवस आठवला. पिल्लाचे कान आठवले. मग मान खाली घालून त्याने पाठ वळवली आणि एक काटा पुढे केला.

तेवढ्यात झाडीतून मृदुला आली.

ती हळू चालत होती. पोट जमिनीला लागत होते. पन्नास पावले चालायला तिला तीन वेळा थांबावे लागले. सभेने तिला वाट दिली. गरोदर बाईला वाट द्यावी, ही रीतही त्या जंगलात होती. फक्त तिच्यामागे दक्षिणा नसल्यामुळे ती फारशी आठवत नसे.

"या वहिनी, बसा," गवा म्हणाला. "आम्ही तुमच्याच विषयी..."

मृदुला बसली नाही. ती टोमॅटोपाशी गेली. तिने तो हुंगला. उन्हाने तो कोमट झाला होता. तिने तोंड पुढे केले आणि देठ तेवढा झाडावर ठेवून टोमॅटो अख्खा तोंडात घेतला.

सभेला त्याचा आवाज ऐकू आला. साल फुटल्याचा, मग रसाचा, मग गिळल्याचा. तिच्या हनुवटीवरून दोनचार बिया ओघळल्या. तिने डोळे मिटले. पोटातले पिल्लू हलले असावे, कारण ती एकदम हसली.

"चोरी!" विटप ओरडला. अनुभव असल्यामुळे त्याच्या प्रथम लक्षात आले.

"चोरी! चोरी!" सभा ओरडली.

गव्याने खूर आपटला. "शांत व्हा. रीतीने विचारू. वहिनी, टोमॅटोविषयी तुम्ही काही सल्ला दिला होता?"

"नाही."

"कोणाच्या वतीने दक्षिणा म्हणून घेतलात?"

"नाही."

"तपासणीसाठी?"

"नाही."

"मग कशासाठी घेतलात?"

"खायला," मृदुला म्हणाली.

सभेत अस्वस्थता पसरली. टोमॅटोच्या संदर्भात हा शब्द त्या हंगामात प्रथमच उच्चारला गेला होता. सशाने कान खाली पाडले. कलकंठाने चोच पानाला पुसली.

शलाकाधर पुढे होऊन म्हणाला, "महाराज, झाडे मी लावली. तिच्यासाठीच लावली."

"ते आम्हांला मान्य आहे," गवा म्हणाला. "पण तुमची भावना आणि बागेची सुरक्षितता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सबंध हंगामात या बागेतून एकच फळ रीतीवाचून गेले, आणि तेही सर्वांच्या डोळ्यांदेखत."

"रीतीचेच हवे असेल," मृदुला म्हणाली, "तर आता देते सल्ला. टोमॅटो पिकला की तोडावा, आणि ज्याच्यासाठी लावला त्याला द्यावा. झाले? याची जी काय दक्षिणा असेल, ती मला पोहोचली."

गवा चघळायचा थांबला. सभा विचारात पडली. विचार फार वेळ चालला. शेवटी कलकंठ पुढे आला.

"हा सल्ला नव्हे," तो म्हणाला. "सल्ल्याने फळाचे रक्षण झाले पाहिजे. याने फळ संपते."

"शिवाय," घुबडाने एक डोळा उघडून सांगितले, "तो एकदा ऐकून समजला. माझ्या सबंध आयुष्यात असा सल्ला मी ऐकलेला नाही."

"आणि तो पुन्हा द्यावा लागणार नाही," विटप खिन्नपणे म्हणाला. "असल्या सल्ल्यावर कोणाचे पोट भरणार?"

मग अळीला विचारण्यात आले, की शास्त्राप्रमाणे कीड म्हणजे काय. तिने शरीराचा पुढचा अर्धा भाग उचलला.

"जे फळ खाते, पण अहवाल देत नाही, ते," ती म्हणाली.

त्यावर वाद उरला नाही. मृदुला साळिंदर ही टोमॅटोवरील कीड असल्याचे एकमताने ठरले. तिने यापुढे बागेच्या चाळीस पावलांच्या आत येऊ नये, असा निर्णय झाला. अशा घरी बारशाला जाण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून त्यावर मतही घेतले नाही. पहाऱ्यासाठी शलाकाधराची नेमणूक झाली, कारण कीड कोणत्या वाटेने येते हे त्यालाच सर्वांत चांगले ठाऊक होते.

"चला," शलाकाधर मृदुलेला म्हणाला. "चाळीस पावले मी सोडायला येतो."

तो तिच्या बरोबर चाळीस पावले चालला. मग एकेचाळिसावे चालला. मग बेचाळिसावे. त्याने मागे वळून पाहिले नाही, आणि तिनेही त्याला आठवण करून दिली नाही.

आठव्या दिवशी पिल्लू झाले. मुलगी. बारशाला कोणी आले नाही. आईबापांनी आपसांत बोलून टोमॅटोच्या लाल रंगावरून तिचे नाव रोहिता ठेवले. कोणाला न विचारता ठेवले. ती झोपली होती. शलाकाधराने घाबरत घाबरत हाक मारली, "रोहिते!" आणि तिने आधी एक, मग दुसरा, असे दोन्ही चांगले कान टवकारून ओ दिली. शलाकाधराने पुन्हा हाक मारली. तिने पुन्हा ओ दिली. संध्याकाळपर्यंत दोघांनी तेवढेच केले.

परिषदेच्या दिवशी मृदुलेने घरी येऊन जेथे बियांनी माखलेले तोंड धुतले होते, तेथे पुढच्या हंगामात तीन झाडे आपोआप उगवली. त्यांच्याविषयी कोणाला काही सांगितले नाही, म्हणून कोणी सल्ला द्यायला आले नाही. चोर मात्र आले. एक बुलबुल चोच मारून गेला. एका अळीने दोन फळे पोखरली. एक वानर पहाटे येई, चार तोडी आणि पाऊल वाजताच पळून जाई. पण चोरी करणाऱ्याला पोट भरले की थांबावे लागते. घरात रोज टोमॅटो असत, आणि रोहितेचे पहिले दात लाल निघाले की काय, अशी शंका यावी इतके असत.

परिषदेच्या हाती आलेली जुनी बाग तर फारच चांगली चालली. तेथे त्या वर्षी झाड कोणी लावले नाही. रानडुकराने सुचवलेले कुंपण आले, वांग्याची पाटी आली, बुजगावण्याला नवा कोट आला. गोगलगाय हंगामाच्या शेवटी येऊन पोहोचली आणि तिने सांगितले, की घाई करू नये. गव्याने वर्षअखेरीस आढावा घेतला. तेथून एकही टोमॅटो चोरीस गेला नव्हता, एकालाही कीड लागली नव्हती, एकही कोणी खाल्ला नव्हता. सर्व जंगलाने हा आदर्श पुढे ठेवावा, असे ठरले, आणि ओढ्यापलीकडे तशाच आणखी सात बागा कुंपणासह मंजूर झाल्या.

तात्पर्य : घरी लावलेला टोमॅटो चोरापासून कुंपणाने वाचतो आणि किडीपासून औषधाने वाचतो. परंतु ज्याच्यासाठी तो लावला, त्याच्यापासून तो वाचवायचा असेल, तर तज्ज्ञांवाचून तरणोपाय नाही.